पंचेचाळीस गुणसूत्रांचा हिशेब

गुणसूत्रे एकूण किती, याइतकेच ती कशा आकाराची आणि कुठे जोडलेली आहेत हेही महत्त्वाचे असते. वारंवार गर्भपात होणाऱ्या काही जोडप्यांचे कोडे याच आकारात दडलेले असते.

प्रयोगशाळेतून आलेला अहवाल जेमतेम एका पानाचा असतो. वर नाव, वय आणि नमुना घेतल्याची तारीख, मध्यभागी पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या जोडीजोडीने मांडलेल्या आणि खाली एक ओळ. लागोपाठ दोन-तीन गर्भपात झालेल्या जोडप्यांपैकी काहींच्या हाती असा अहवाल पडतो, तेव्हा त्या ओळीतला पहिलाच आकडा धडकी भरवतो : ४५. माणसाची गुणसूत्रे ४६ असतात, एवढे शाळेतले प्रत्येकाला आठवत असते. मग एक गेले कुठे? आणि ते नसताना हा माणूस आजवर धडधाकट कसा राहिला?

बऱ्याच घरांत तोवर निकाल लागून गेलेला असतो. सून जिने चढली, तिने पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, नोकरीची दगदग केली. कारणे बदलत राहतात, बोट मात्र एकीकडेच असते. नवऱ्याचे रक्त तपासायचे म्हटले की ‘त्याला काय झालंय?’ असा प्रश्न येतो. आणि कधी कधी तो ४५चा आकडा नेमका नवऱ्याच्याच कागदावर उमटतो.

या आकड्यामागे बहुतेक वेळा कोणताही आजार नसतो. गुणसूत्र हरवलेले नसते, ते दुसऱ्याला चिकटलेले असते. कोणती गुणसूत्रे अशी चिकटू शकतात, चिकटूनही माणूस निरोगी का राहतो आणि त्याच्या मुलांच्या बाबतीत मात्र अडचण का येते, हे समजण्यासाठी गुणसूत्रांची ठेवण पाहावी लागते.

दोन मीटरचा धागा

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. एका पेशीतले सगळे तुकडे सरळ करून एकापुढे एक ठेवले, तर लांबी सुमारे दोन मीटर भरते. हा धागा ज्या केंद्रकात राहतो, त्याचा व्यास साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. एवढा धागा एवढ्या जागेत गुंता न होता ठेवायचा, तर तो गुंडाळण्याची शिस्त हवी. ती हिस्टोन नावाची प्रथिने सांभाळतात. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक इवलेसे रीळ तयार होते आणि त्याभोवती डीएनए पावणेदोनच्या आसपास वेढे घेतो. एका रिळावर डीएनएची १४७ अक्षरे बसतात. पुढे थोडा मोकळा धागा, मग पुन्हा रीळ. रॉजर कोर्नबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७४मध्ये ही रचना मांडली.

एरवी हे रिळांचे धागे केंद्रकात सैलसर पसरलेले असतात, कारण त्यांवरची जनुके पेशीला सतत वाचायची असतात. पेशी दुभंगण्याची वेळ आली की प्रत्येक धाग्याची प्रत निघते, धागे पुन्हा पुन्हा दुमडत घट्ट होतात आणि तेवढ्या वेळापुरते सूक्ष्मदर्शकाखाली जाड काड्यांसारखे दिसतात. हीच आपल्या चित्रांतली गुणसूत्रे. सर्वांत मोठ्या १ क्रमांकाच्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरांचा, म्हणजे आठ सेंटीमीटरहून लांब धागा असतो. २१ क्रमांकाच्या सर्वांत लहान गुणसूत्रातला धागा जेमतेम दीड सेंटीमीटरचा असतो.

गमतीचा भाग असा, की क्रमांक लांबीनुसार दिलेले असताना सर्वांत लहान गुणसूत्राला २२ म्हणायला हवे होते. पण डाउन सिंड्रोममध्ये जे गुणसूत्र जास्तीचे आढळते, त्याला सुरुवातीलाच २१ हे नाव पडले. पुढे मापे अचूक घेतल्यावर ते २२हून लहान निघाले. तोवर नाव रुळले होते, म्हणून तेच ठेवले गेले.

कंबर नेमकी कुठे?

घट्ट झालेल्या गुणसूत्रावर एका जागी चिमटा काढल्यासारखी खाच दिसते. तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात सेंट्रोमिअर. गुणसूत्राच्या मूळ आणि नव्या प्रती इथेच एकमेकींना धरून असतात. पेशी दुभंगताना दोन्ही टोकांकडून येणारे ओढणारे तंतू इथेच पकड घेतात. म्हणजे ही खाच गुणसूत्राची कंबरही आहे आणि मूठही. कंबर नसलेला तुकडा पेशीच्या विभाजनात कुणाच्याच वाट्याला नीट येत नाही आणि वाऱ्यावर सुटतो. दोन कंबरा असलेला तुकडा दोन्हीकडून ओढला जाऊन तुटण्याची भीती असते.

कमरेच्या दोन बाजूंना दोन भुजा. आखूड भुजेला ‘पी’ आणि लांब भुजेला ‘क्यू’ म्हणतात. भुजांच्या टोकांना डीएनएची तीच ती सहा अक्षरे हजारो वेळा गिरवलेली असतात. साडीच्या काठाला पिको केल्यावर दोरे सुटत नाहीत, तसेच हे टोक. त्यामुळे गुणसूत्र उसवत नाही आणि शेजारच्या गुणसूत्राला चिकटतही नाही.

कंबर कुठे आहे, यावरून गुणसूत्रांचे चार प्रकार होतात. ती मधोमध असेल, तर दोन्ही भुजा जवळजवळ सारख्या. डमरूसारखे दिसणारे हे मध्यकेंद्री गुणसूत्र. माणसात १, ३, १६, १९ आणि २० ही गुणसूत्रे अशी आहेत. कंबर थोडी एका बाजूला सरकली, की एक भुजा आखूड आणि दुसरी लांब. हे उपमध्यकेंद्री. आपली बहुतेक गुणसूत्रे या गटात बसतात, एक्सदेखील. कंबर पार टोकाजवळ गेली आणि वर नावापुरतीच भुजा उरली, तर ते अग्रकेंद्री. माणसात १३, १४, १५, २१, २२ आणि पुरुषांमधले वाय ही गुणसूत्रे अग्रकेंद्री आहेत. चौथा प्रकार अंत्यकेंद्री, म्हणजे कंबर अगदी टोकालाच आणि भुजा एकच. हा प्रकार माणसात नाही. घरात फिरणाऱ्या उंदराची ४० गुणसूत्रे या प्रकारची मानली जातात.

शाळेत हे चार प्रकार परीक्षेपुरते पाठ केले जातात. व्ही, एल, जे आणि आय अशा इंग्रजी अक्षरांच्या आकारांशी त्यांची सांगड घातली, की दोन गुण पक्के. पण त्यातला तिसरा प्रकार हजारो घरांच्या आयुष्याशी जोडलेला आहे, हे तिथे सांगायचे राहून जाते.

मोजणी चुकलेली तीस वर्षे

माणसाची गुणसूत्रे ४६ आहेत, हे ज्ञान वाटते तितके जुने नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी १९२३मध्ये ४८ हा आकडा दिला आणि पुढची तीसहून अधिक वर्षे पुस्तकांतून तोच छापला गेला. दोष नजरेचा नव्हता. पेशीतली गुणसूत्रे एकमेकांवर इतकी चढलेली असत, की मोजणे म्हणजे अंदाज बांधणेच होते.

वाट सापडली ती एका चुकीतून. टेक्सासमध्ये काम करणाऱ्या टी. सी. शू यांच्या प्रयोगशाळेत पेशी धुण्याचे मिठाचे द्रावण चुकून पातळ झाले. पातळ द्रावणातले पाणी पेशींमध्ये शिरले, पेशी टम्म फुगल्या आणि आतली गुणसूत्रे सुटी सुटी झाली. शू यांनी ही युक्ती १९५२मध्ये प्रसिद्ध केली. जावा बेटावर जन्मलेले जो हिन चिओ यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे आल्बर्ट लेव्हान यांच्याबरोबर काम करताना ती आणखी सुधारली. डिसेंबर १९५५मध्ये गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी पाहताना त्यांना पुन्हा पुन्हा ४६ हाच आकडा मिळत गेला. १९५६मध्ये तो निबंध छापून आला आणि सगळ्या पुस्तकांतला आकडा बदलला.

मोजणी पक्की होताच चुकलेली मोजणीही ओळखता येऊ लागली. १९५९मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेझ्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पां यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४७ गुणसूत्रे असल्याचे दाखवले. २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन होते. हिशेब सोपा झाला असे वाटले : एक जास्त, म्हणून डाउन.

पुढच्याच वर्षी तो हिशेब अडला. लंडनमध्ये पॉल पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डाउन सिंड्रोमची सगळी लक्षणे असलेली एक मुलगी आढळली. तिची गुणसूत्रे मोजली तर ४६! मोजणी बरोबर होती. बारकाईने पाहता त्यातले एक गुणसूत्र नेहमीपेक्षा मोठे होते. २१ क्रमांकाची जास्तीची प्रत होतीच, फक्त ती दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटलेली होती. त्याच सुमारास अशाच काही मुलांच्या आयांची तपासणी झाली, तेव्हा निरोगी आईच्या पेशींत ४५ गुणसूत्रे निघाली. आई ४५ आणि निरोगी, मूल ४६ आणि डाउन सिंड्रोम. नुसत्या आकड्यावर विसंबून चालणार नाही, हे तेव्हाच कळले.

दोन वह्या, एक पुठ्ठा

अशा जोडणीचे वर्णन आधीच झालेले होते, पण माणसात नव्हे, टोळ आणि नाकतोड्यांत. अमेरिकी शास्त्रज्ञ डब्ल्यू. आर. बी. रॉबर्टसन यांनी १९१६मध्ये दाखवले, की कमरेपासून एकच लांब भुजा असलेली दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली जाऊन दोन भुजांचे एक गुणसूत्र बनू शकते. म्हणून आजही या प्रकाराला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात.

माणसात ही जोडणी १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच अग्रकेंद्री गुणसूत्रांमध्येच होते, आणि त्याचे कारण त्यांच्या आखूड भुजांमध्ये आहे. प्रथिने बनवणारे पेशीतले कारखाने म्हणजे रायबोसोम. ते उभारायला लागणाऱ्या आरएनएची जनुके या आखूड भुजांवर रांगेने असतात. ती वाचण्यासाठी वेगवेगळी अग्रकेंद्री गुणसूत्रे आपल्या आखूड भुजा केंद्रकातल्या एकाच ठिकाणी आणून ठेवतात. भुजा जवळजवळ, त्यांवरचा मजकूरही एकसारखा. अशा वेळी एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जाण्याची शक्यता वाढते. या भुजांवरचा मजकूर इतका पुनरुक्तीचा आहे, की तो पूर्ण वाचायला २०२२ साल उजाडले. मानवी जनुकसंचाचे पहिले खऱ्या अर्थाने संपूर्ण वाचन त्या वर्षी प्रसिद्ध झाले. वेगवेगळ्या क्रमांकांची अग्रकेंद्री गुणसूत्रे आपापसात या भागातला मजकूर बदलतात, याचे पुरावे २०२३मध्ये मिळाले.

जोडणीत काय होते, हे वह्यांच्या उदाहरणाने समजेल. घरात ४६ वह्या आहेत. त्यातल्या एका १४ क्रमांकाच्या आणि एका २१ क्रमांकाच्या वहीचे मागचे पुठ्ठे फाटले आणि दोन्ही वह्या एकत्र शिवल्या गेल्या. मोजायला गेले तर वह्या ४५. मजकूर मात्र सगळा जागेवर. पुठ्ठ्यांबरोबर जी एक-दोन पाने गेली, तीच पाने उरलेल्या आठ अग्रकेंद्री वह्यांतही आहेत. म्हणून काही अडत नाही. अशा व्यक्तीची बुद्धी, वाढ, ताकद, आयुष्य कशावरही त्याचा परिणाम होत नाही. तिला ‘संतुलित वाहक’ म्हणतात. साधारण हजार माणसांत एक जण असा असतो. म्हणजे मोठ्या गावात असे पाच-दहा जण सहज असतील आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल. या जोडण्यांमध्ये सर्वांत जास्त आढळते ती १३ आणि १४ची जोडी. त्याखालोखाल १४ आणि २१ची.

निसर्गात गुणसूत्रांचे असे जोडले जाणे अपवादात्मक नाही. सह्याद्रीच्या रानात रात्री कुत्र्यासारखा भुंकण्याचा आवाज येतो, तो भेकराचा. या छोट्या हरणाच्या मादीच्या पेशीत अवघी सहा आणि नराच्या पेशीत सात गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांतला हा सर्वांत लहान आकडा. त्याच्या जवळच्या नात्यातल्या चिनी भेकराची गुणसूत्रे मात्र ४६ आहेत. गुणसूत्रांना गुणसूत्रे जोडली जात जात भेकराकडे मोजकीच पण भलीमोठी गुणसूत्रे उरली. माणसाचे २ क्रमांकाचे गुणसूत्रही पूर्वजांच्या दोन गुणसूत्रांच्या जोडणीतून झालेले आहे. चिंपांझी आणि गोरिलाची गुणसूत्रे ४८ आहेत, त्याचा उलगडा इथे होतो.

अडचण येते ती वाटणीत

वाहक व्यक्तीचे स्वतःचे काही बिघडत नाही, कारण तिच्या पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते आणि दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना नियम वेगळा असतो. तिथे संच निम्मा करायचा असतो, प्रत्येक क्रमांकाची एकच वही पुढे द्यायची असते.

१४ आणि २१ जोडलेल्या वाहकाकडे या दोन क्रमांकांच्या मिळून तीन गोष्टी आहेत : सुटी १४, सुटी २१ आणि जोडवही. तीन वस्तू दोघांत वाटायच्या. एका बाजूला दोन सुट्या वह्या आणि दुसऱ्या बाजूला जोडवही गेली, तर दोन्हीकडे मजकूर बरोबर. पहिल्यातून होणाऱ्या बाळाची गुणसूत्रे नेहमीसारखी ४६ असतील. दुसऱ्यातून होणारे बाळ आईसारखे किंवा वडिलांसारखे ४५चे निरोगी वाहक असेल.

वाटणी तशी झाली नाही, तर मात्र मजकूर कमीजास्त होतो. जोडवहीबरोबर सुटी २१ही गेली, तर बाळात जोडीदाराकडची २१ धरून त्या क्रमांकाचा मजकूर तिप्पट होतो. वह्या मोजल्या तर ४६च, पण डाउन सिंड्रोम. १९६०मधल्या त्या मुलीचे कोडे हेच होते. जोडवहीबरोबर सुटी १४ गेली, तर १४चा मजकूर तिप्पट होतो आणि असा गर्भ टिकत नाही. एकट्या १४ किंवा एकट्या २१वर सुरू झालेला गर्भही टिकत नाही. काही वेळा तो इतक्या लवकर जातो, की पाळी चार दिवस पुढे गेली एवढेच लक्षात येते. काही वेळा दोन-अडीच महिन्यांनी गर्भपात होतो.

कागदावर या सहा शक्यता सारख्या दिसल्या, तरी प्रत्यक्षात तसे नसते. १४-२१ची जोडणी आईकडे असेल, तर जन्मणाऱ्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता १० ते १५ टक्के असते. तीच जोडणी वडिलांकडे असेल, तर शक्यता एक-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. १३-१४च्या जोडणीत असंतुलित बाळ जन्माला येण्याचा धोका बराच कमी असतो, पण गर्भपात होऊ शकतात, आणि काही वाहक पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या घटलेली आढळते. अगदी विरळा प्रकार म्हणजे २१ला २१च जोडले जाणे. तिथे सुटी २१ उरतच नाही, त्यामुळे जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम असतो. अहवालात कोणते गुणसूत्र कशाला जोडलेले आहे, हे नीट वाचणे म्हणूनच आवश्यक असते. ४५ हा आकडा सारखा असला, तरी पुढचा सल्ला सारखा नसतो.

याचा अर्थ प्रत्येक गर्भपाताच्या मागे आईवडिलांची जोडणी असते, असा नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गर्भाची गुणसूत्रे कमीजास्त असतात. पण ती चूक बहुतांशी त्या एका वेळेपुरती, बीज तयार होताना नव्याने झालेली असते. आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण तीन ते पाच टक्के जोडप्यांत दोघांपैकी एक जण संतुलित वाहक निघतो. रॉबर्टसोनियन जोडणी हा त्यातला एक प्रकार. दोन वेगळ्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल करणे हा दुसरा. उरलेल्यांमध्ये थायरॉइड, गर्भाशयाची ठेवण, रक्त गोठण्याशी संबंधित दोष अशी कारणे असतात, तर अनेकदा कोणतेच कारण सापडत नाही. त्या सगळ्या यादीत जिना, पपई आणि ग्रहण कुठेही नसते.

राजमा, कळलावी आणि तीन दिवस

या तपासणीला कॅरिओटाइप म्हणतात. हातातून घेतलेले थोडेसे रक्त पुरते, उपाशी राहावे लागत नाही. पुढचे काम मात्र वेळखाऊ असते. गुणसूत्रे फक्त दुभंगणाऱ्या पेशीत दिसतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी दुभंगत नाहीत. त्यांना चालना देण्यासाठी राजम्याच्या दाण्यातून काढलेले एक प्रथिन वापरतात. १९६०मध्ये पीटर नोवेल यांच्या लक्षात आलेली ही गोष्ट आजही प्रयोगशाळांत चालते.

शरीराइतक्याच उबेत, ३७ अंश सेल्सिअसला पेशी साधारण तीन दिवस वाढवतात. मग त्या दुभंगण्याच्या ऐन मध्यावर थांबवायच्या. त्यासाठी कोल्चिसिन किंवा त्याच जातीचे द्रव्य घालतात. हे विषारी द्रव्य आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. भाद्रपदात, गौरींच्या सुमारास डोंगरउतारांवर ज्वाळेसारख्या पाकळ्यांनी फुलणारी तीच ही वेल. गुणसूत्रे ओढणारे तंतू कोल्चिसिनमुळे तयार होत नाहीत आणि गुणसूत्रे जागच्या जागी थबकतात. मग शू यांनी दाखवलेली पातळ द्रावणाची युक्ती, काचपट्टीवर थेंब आणि रंग. रंगात प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिक्या पट्ट्यांचा स्वतःचा नमुना उमटतो. त्यावरून १४ कोणते, २१ कोणते आणि कोण कुणाला जोडले गेले, हे प्रशिक्षित नजर ओळखते. अशा साधारण वीस पेशी तपासून अहवाल लिहिला जातो. त्याला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात.

नव्या महागड्या तपासण्यांच्या काळात ही जुनी पद्धत मागे पडलेली वाटेल. पण इथे तिला पर्याय नाही. गर्भवतीच्या रक्तावरून होणारी बाळाची चाळणी चाचणी किंवा मायक्रोॲरे या तपासण्या मजकूर किती आहे ते मोजतात. वाहकाचा मजकूर पूर्ण असतो, बदललेली असते ती बांधणी. त्यामुळे त्याचा मायक्रोॲरे अहवाल निर्दोष येऊ शकतो. बांधणी पाहायची तर गुणसूत्रेच डोळ्यांनी पाहावी लागतात.

अहवालानंतर

वाहक असल्याचे कळल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, यावर औषध काय? औषध नाही, आणि वाहकाला त्याची गरजही नाही. जोडलेली गुणसूत्रे सुटी करता येत नाहीत. पुढची वाट मात्र नीट आखता येते. आनुवंशिक सल्लागाराशी, शक्यतो दोघांनी मिळून, बोलणे ही पहिली पायरी.

अनेक वाहक जोडपी नैसर्गिक गर्भधारणेचाच मार्ग निवडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढेमागे निरोगी मूल होते. गर्भ राहिल्यावर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा छोटा नमुना घेऊन किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून बाळाची गुणसूत्रे पाहता येतात. दुसरा मार्ग प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवून, गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूण तपासण्याचा. तो खर्चिक आहे, शरीराला त्रासाचा आहे आणि यशाची हमी नाही. कोणता मार्ग घ्यायचा, घ्यायचा की नाही, हा निर्णय त्या जोडप्याचा. प्रसवपूर्व निदानाच्या १९९४च्या कायद्याने गुणसूत्रांतील दोषांसाठी अशा तपासणीला मुभा आहे, लिंग सांगण्याला मात्र सक्त मनाई आहे. म्हणून बाळाच्या अहवालात ते लिहिलेले नसते आणि विचारूही नये.

ज्या घरात डाउन सिंड्रोम असलेले मूल आहे, तिथेही ही तपासणी महत्त्वाची ठरते. अशा मुलांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये २१ क्रमांकाची तिसरी प्रत सुटी असते, आणि ती बहुतेक वेळा आईवडिलांकडून वारशाने आलेली नसते. तीन-चार टक्क्यांमध्ये ती जोडलेली असते. मुलाचे बोलणे-चालणे, हृदयाची तपासणी, शाळा, थेरपी यांत त्याने काही फरक पडत नाही. मुलाला लागणारे प्रेम आणि कष्टही तेवढेच. फरक पडतो तो पुढच्या बाळाच्या आणि नातेवाइकांच्या बाबतीत. जोडणी असेल, तर आईवडिलांची गुणसूत्रे पाहावी लागतात. त्यांपैकी कोणी वाहक निघाले, तर त्यांच्या भावंडांनाही, म्हणजे बाळाच्या मावशी, मामा, काका, आत्या यांनाही तपासणीचा विचार करता येतो.

इथेच अनेक घरे गप्प बसतात. अहवाल कपाटात जातो, बहिणीला सांगितले जात नाही, लग्न ठरायचे आहे म्हणून धाकट्या दिरापासून लपवले जाते. पुढे ती बहीण आपल्या तिसऱ्या गर्भपातानंतर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसते आणि ‘घरात कोणाला असे काही आहे का?’ या प्रश्नाला मान हलवून नाही म्हणते. तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

गुणसूत्रांची जोडणी कोणी ठरवून करत नाही. ती आजीकडून आलेली असेल किंवा या पिढीतच नव्याने झालेली असेल. तिच्यासाठी कुणाला जबाबदार धरण्यात अर्थ नाही. हे समजले, तर तो एका पानाचा कागद लाजेची गोष्ट राहत नाही. घरातल्या रक्तगटाच्या नोंदीइतक्याच सहजपणे तो फाइलमध्ये ठेवता येतो, आणि गरज पडेल तेव्हा बहिणीच्या हाती देता येतो.

लक्षात ठेवण्यासाठी

• दोन किंवा अधिक गर्भपात झाले असतील, तर गुणसूत्र तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. तपासणी पती-पत्नी दोघांचीही व्हावी.

• शक्य असल्यास गर्भपातानंतर मिळालेल्या ऊतींचीही गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. कारण शोधायला तिची मदत होते.

• डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाचा कॅरिओटाइप एकदा करून घ्यावा आणि अहवाल कायमचा जपून ठेवावा.

• संतुलित वाहक असणे हा आजार नाही. नोकरी, व्यायाम, आहार यांत कोणताही बदल करण्याची गरज नसते.

• अहवालातला आकडा एकट्याने वाचून निष्कर्ष काढू नये. कोणते गुणसूत्र कशाला जोडले आहे आणि ते कोणाकडे आहे, यावर पुढचा सल्ला ठरतो.